वतनाचा वाटा आणि वतनाचा बोजा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सायंकाळचे मिस्साबलिदान आटोपून मी कचेरीत लग्नाच्या नोंदी लिहीत बसलो होतो. आमच्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ आत आले आणि त्यांनी प्राप्तिकर खात्याची नोटीस माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या आजोबांनी राहते घर आणि त्याला लागून असलेली दोन दुकाने नातवंडांच्या नावे न्यास करून ठेवली होती. थोरले काका विश्वस्त. भाडे येत होते आणि काका ते घेत होते. किती आले, किती गेले, दुरुस्तीला किती लागले, याचा एक कागद कुणाला दिसला नव्हता. विवरणपत्र कधी भरलेच गेले नव्हते. आता आठ नातवंडांपैकी ज्यांचे पत्ते खात्याला मिळाले, त्यांना विचारणा झाली होती.

"फादर, आम्ही एका पैशाचे धनी नाही, मग कर आमच्या माथी का?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना माझ्या ओळखीच्या एका सी. ए. कडे पाठविले, कारण वकिली हा माझा विषय नव्हे. पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. गुरुविद्यालयात आम्ही धर्मसभेच्या कायद्याबरोबर थोडाफार इतिहासही शिकलो. त्या अभ्यासाची खोड अशी, की आजचा कोणताही तंटा दिसला की तो पूर्वी कुणी भांडला होता हे शोधावेसे वाटते.

त्याच हिवाळ्यात धर्मग्रामातील तरुणांना घेऊन मी राजगडावर गेलो. गुंजवण्याच्या वाटेने वर चढून पद्मावती माचीवर पोचलो, तेव्हा ऊन कलले होते. समोर तोरणा, दक्षिणेकडे भोरची बाजू, खाली गुंजवणी आणि कानंदी यांची भाताची खाचरे. पुस्तकात ज्यांना बारा मावळ म्हणतात त्यांतील कितीतरी खोरी तेथून दिसतात किंवा तेथून एका दिवसाच्या चालीवर आहेत : गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे. भोर आणि वेल्हे हे आजचे दोन तालुके (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला) म्हणजे ही खोरीच होत. तेथे बसल्यावर माझ्या ध्यानी आले, की त्या गृहस्थांचा प्रश्न याच डोंगरांत शतकानुशतके विचारला गेला आहे. तेव्हा न्यास हा शब्द नव्हता, वतन हा होता.

वतन म्हणजे काय, हे आज नीट सांगावे लागते, कारण आपल्या तोंडी तो शब्द केवळ 'जन्मगाव' एवढ्या अर्थाने उरला आहे. वतन म्हणजे एखाद्या घराण्याकडे वंशपरंपरेने असलेली चाकरी, तिच्याबद्दलचे उत्पन्न आणि तिच्याबरोबरचा मान. खोर्‍याचा देशमुख सारा वसूल करून सरकारात पोचवी आणि देशपांडे त्याचा हिशेब लिही. गावात तेच काम पाटील आणि कुलकर्णी करीत. मोबदल्यात इनाम जमीन, प्रत्येक गावाकडून ठरलेले धान्य, तेल, जोडे, सणाचा मान. हे सारे एका माणसाचे नसे, घराण्याचे असे. भावांभावांत वाटण्या होत आणि प्रत्येक वाट्याला तक्षीम म्हणत. मात्र शिक्का, वडीलकी आणि सरकारदरबारी उभे राहण्याचा मान थोरल्या शाखेकडे राही. उत्पन्नाचे मालक अनेक आणि कारभारी एक, अशी ही रचना. आजच्या न्यासाचे सारे गुणदोष तीत होते.

रोहिड खोर्‍याची देशमुखी दोन तर्फांत विभागलेली होती. भोर तर्फ कारीच्या जेध्यांकडे आणि उत्रोळी तर्फ खोपड्यांकडे. जेधे घराण्याने आपल्या पूर्वजांची हकीकत लिहून ठेवली आहे. 'जेधे करीना' या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि शिवकालाच्या अभ्यासकाला तिच्यावाचून पुढे जाता येत नाही. ती हकीकत सुरू होते ती रक्ताने. कान्होजी जेध्यांचे वडील नाईकजी यांना त्यांच्याच भावांनी वतनासाठी ठार केले. तान्ह्या कान्होजीला घरच्या इमानी माणसाने लपवून मोसे खोर्‍यात बाजी पासलकरांकडे पोचविले. तेथे तो वाढला, पासलकरांचा जावई झाला आणि पुढे आपल्या वतनावर परत आला. (मोसे नदीवरील वरसगावच्या धरणाला आज बाजी पासलकरांचे नाव आहे. पासलकरांच्या त्या खोर्‍यातील कितीतरी खाचरे त्या पाण्याखाली आहेत.)

हाच कान्होजी १६५९ साली अफझलखान वाईवर आला तेव्हा पेचात सापडला. आदिलशाही फर्मान आले होते, की खानाला येऊन मिळा, नाहीतर परिणाम भोगा. परिणाम म्हणजे वतन जाणार. कान्होजी मुलांसह राजगडावर गेले आणि शिवाजी महाराजांसमोर त्यांनी वतनावर पाणी सोडले. शाळेतल्या पुस्तकात हा प्रसंग स्वामिनिष्ठेचा म्हणून येतो आणि तो तसा आहेच. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. ज्या वस्तूसाठी बापाचा खून झाला ती सोडून देण्याचा अधिकार एकट्या कान्होजीला होता काय? म्हणूनच तो मुलांना घेऊन गेला. त्या काळच्या माणसाला ठाऊक होते, की वतनावर पाणी सोडायचे तर ज्यांचे ज्यांचे हात त्यात आहेत त्या सर्वांनी सोडले पाहिजे. शेजारच्या तर्फेचा खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाला होता. त्याचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे.

आता सार्‍याकडे येऊ. सरकारचा वाटा पोचविण्याची जबाबदारी वतनदाराच्या नावावर असे. त्याने रयतेकडून शंभर घेतले आणि सरकारात पन्नास पोचविले तर मधले पन्नास कुठे गेले हा प्रश्न निघे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत असे वतनदार कसे माजले होते, वाडे-हुडे बांधून रयतेला कसे नागवीत होते आणि महाराजांनी ते हुडे पाडून त्यांचे हक्क कसे ठरवून दिले, याचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले आज्ञापत्र तर वतनदारांना राज्याचे 'दायाद' म्हणते. दायाद म्हणजे वारसाहक्काचे वाटेकरी, भाऊबंद. हा शब्द मला फार सूचक वाटतो. राज्य आणि वतनदार यांचे नाते धनी आणि चाकर असे नव्हते. एकाच पिकात वाटा असणार्‍या भाऊबंदांचे ते नाते होते. आणि भाऊबंदकीत जे होते ते सारे त्यात होते.

म्हणून राज्याने वतनदारांकडून वेगवेगळ्या निमित्तांनी वसुली सुरू ठेवली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सिंहासनपट्टी बसली. पेशवाईत इनाम जमिनीवर तिजाई, म्हणजे तिसरा हिस्सा, घेण्याची पद्धत आली. पेशव्यांचे कर्ज वाढले तेव्हा कर्जपट्टी आली. इनाम म्हणजे करातून कायमची सुटका, असे ज्यांना वाटत होते त्यांना हा धक्का होता. पट्टी येई ती वतनावर. थोरल्याच्या नावे मागणी होई आणि तो ती तक्षीमदारांवर वाटून टाकी. थोरला कर्जबाजारी असला, किंवा त्याने मागल्या वर्षीचा भरणा स्वतःच खाल्लेला असला, तरी सरकारी कारकून दाराशी बसे तो बसेच.

मग धाकट्या भावांनी करायचे काय? येथे जुन्या व्यवस्थेचा एक विशेष आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्याभोवतीच आहे. त्या काळी 'सरकारचे देणे कोणी द्यायचे' आणि 'घरातला पैसा कोणी खाल्ला' हे दोन प्रश्न एकाच बैठकीत येत. त्या बैठकीला गोतसभा म्हणत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे सारे गोत जमे. वादी-प्रतिवादी आपापल्या करीन्याची वंशावळ सांगत, शेजारच्या गावचे वृद्ध साक्ष देत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, कुलकर्णी दऊत-लेखणीची, आणि बलुतेदार आपापल्या हत्यारांची. जो महार गावची शीव दाखवी त्याचीही साक्ष नोंदली जाई. सरकारचा अधिकारी तेथे हजर असे. म्हणजे ज्याला कर हवा होता त्याच्यासमोरच हिशेब निघे, आणि कुणाच्या तक्षिमेवर किती बसवायचे ते तेथेच ठरे.

ही व्यवस्था आदर्श होती असे सांगण्याचा मोह मला टाळला पाहिजे. न्याय फुकट नव्हता. जिंकणार्‍याने सरकारात हरकी भरायची आणि हरणार्‍याने गुन्हेगारी. साक्षीपुरावा जुळला नाही तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेला-तुपातून हाताने रवा काढायचा आणि हात भाजला की वतन गेले. स्त्रियांचा शब्द बहुधा कुणी विचारीत नसे. आणि गोत म्हणजे अखेर शेजारी आणि सोयरे. बलवान भाऊबंदाविरुद्ध बोलायला तेही कचरत. तरीही दोन प्रश्न एकत्र सुटत होते, ही गोष्ट राहतेच.

हेच तत्त्व खालच्या थरालाही होते. पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने १८२० च्या सुमारास लिहिले. त्यात 'जथा' ही संस्था दिसते. गावची मिरास जमीन मूळ घराण्यांच्या नावाने जथ्यांत विभागलेली असे. जथ्यातील एखादा कुळंबी सारा भरू शकला नाही तर जथ्यातल्या इतरांनी तो भरायचा. म्हणजे आळशी किंवा उधळ्या चुलतभावाचे ओझे कष्टाळू भावावर. अन्याय? होय. पण त्याचबरोबर जथ्यातील प्रत्येक माणूस दुसर्‍याच्या खाचरावर डोळा ठेवून असे. भात झोडपताना भाऊ किती पायली घरी नेतो हे सर्वांना ठाऊक असे. ज्याच्यावर दुसर्‍याचे देणे पडू शकते त्याला दुसर्‍याचा हिशेब विचारण्याचा अधिकारही असतो, ही जथ्याची न लिहिलेली अट होती.

भोरबद्दल लिहिताना एका योगायोगाकडे लक्ष वेधल्यावाचून राहवत नाही. भोर संस्थानचे अधिपती 'पंतसचिव' म्हणवीत. सचिव किंवा सुरनीस हा अष्टप्रधानांतील हिशेब तपासणारा मंत्री. महालोमहालीचे जमाखर्च पाहायचे, लिहिण्यात चूक वा लबाडी असेल ती काढायची, हे त्याचे काम. राज्याभिषेकाच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तोंकडे होते आणि जमीन मोजणीच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. राजाराम महाराजांच्या धामधुमीत ते शंकराजी नारायण यांच्याकडे आले. त्यांनी मावळातले किल्ले मोगलांकडून परत घेतले. पुढे शाहू महाराजांच्या काळात चौथाईच्या उत्पन्नातील शेकडा ६ चा वाटा, ज्याला साहोत्रा म्हणत, तो सचिवांच्या घराण्याकडे ठरला. अशा रीतीने हिशेब तपासण्याची चाकरी स्वतःच एक वंशपरंपरेची दौलत झाली. तपासनीस वाटेकरी झाला. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके आणि ९२५ चौरस मैल मुलूख, एवढे ते संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. आजचे भोर आणि वेल्हे हा त्यातलाच प्रदेश.

१८१८ नंतर पेशव्यांच्या मुलुखात इंग्रज आले. भोर संस्थान राहिले, पण हवेली, पुरंदर यांसारखे शेजारचे तालुके खालसा झाले आणि तेथे नवी शिस्त आली. इंग्रजाला जथा समजला, पण आवडला नाही. त्याला प्रत्येक शेताला एक नंबर आणि त्या नंबरापुढे एक नाव हवे होते. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून जी नवी मोजणी झाली तिने हे तत्त्व पक्के केले. ज्याचे नाव, त्याच्याकडून सारा. इनामांसाठी कमिशन बसले, सनदा तपासल्या गेल्या. १८६३ च्या कायद्याने इनामदारांना तडजोड देऊ केली : फार चौकशी नको, सार्‍याचा काही हिस्सा जुडी म्हणून दरसाल भरा आणि इनाम खुशाल भोगा. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनदारांचे रजिस्टर झाले. चाकरी करणारा एक प्रतिनिधी वतनदार, बाकीचे हिस्सेदार. १८८६ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि वतनाच्या वारसाहक्कात विधवेखेरीज इतर स्त्रिया पुरुष वारसांच्या मागे गेल्या. मुलींना त्या कागदात जागा राहिली नाही.

या नव्या शिस्तीत एक मोठी सोय होती. दुसर्‍या भावाच्या शेताचा सारा आता आपल्यावर येत नव्हता. पण जेथे नाव एकाचे आणि जमीन अनेकांची, तेथे जुना आधार तुटला. मामलेदार जुडी घेई, हिशेब विचारीत नसे. तो विचारायचा तर दिवाणी कोर्टात जा, स्टँप भरा, वकील करा. एका बैठकीत सुटणारे दोन प्रश्न आता दोन कचेर्‍यांत गेले. एका कचेरीची मुदत दरसाल संपे, दुसरीची कधीच संपत नसे. भोर संस्थानात हे कायदे थेट लागू नव्हते, पण संस्थानी कारभारही हळूहळू त्याच वळणाने गेला.

याचा सर्वांत जड मार कुणावर पडला? देशमुख-पाटलांवर नव्हे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या पणजोबांवर पडला. महार वतनाची जमीन आधीच थोडी. पिढ्यानपिढ्या भाऊबंद वाढत गेले आणि एकेका घराच्या वाट्याला खाचराची एक पट्टी आली. चाकरी मात्र अष्टौप्रहर. सारावसुलीला माणसे बोलावणे, टपाल नेणे, शीव राखणे. म्हणजे उत्पन्न नाममात्र आणि बोजा पुरा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या कारणाने. सरकारने वतन जमिनींवरील जुडी वाढविली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली आणि त्या वाढीला कडाडून विरोध झाला. दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरेगावी जाणार्‍या आपल्या भाविकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? त्याच गावच्या मातीत, आपल्या पूर्वजांपैकी काहींनी उभे राहून विचारले होते, की ज्या जमिनीने आमचे पोट भरत नाही तिच्यावर वाढता कर कशासाठी. तो प्रश्न आणि माझ्या कचेरीतील गृहस्थांचा प्रश्न सारखा नाही. एकाच्या मागे शतकांचा जुलूम होता, दुसर्‍याच्या मागे एक बेफिकीर काका. तरी दोहोंचा सांधा एक आहे : हक्क कागदावर, फळ दुसर्‍याच्या घरी, आणि मागणी आपल्या नावाने.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. विलीन संस्थानांतील जहागिरी आणि इनामे यांच्यासाठी १९५३ आणि १९५५ साली वेगळे कायदे झाले. भोर-वेल्ह्यातील जमिनींना ते लागू पडले. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. आता चाकरी नाही, जुडी नाही. जमिनीला पूर्ण सारा लागू. जमीन परत हवी असेल तर सार्‍याच्या ठराविक पट रक्कम कब्जेहक्काची किंमत म्हणून मुदतीत भरायची, म्हणजे ती पूर्वीच्या वतनदाराला पुन्हा मिळे. वेळेत भरली नाही तर जमीन सरकारजमा.

वतनाच्या इतिहासातील ही शेवटची परीक्षा होती आणि अनेक घराणी तीत नापास झाली. नोटीस कुणाला आली? ज्याचे नाव रजिस्टरात होते त्याला. तो मुंबईला गिरणीत असेल, किंवा दारूत बुडालेला असेल, किंवा भावांना न कळविता स्वतःच्याच नावे भरणा करून मोकळा झालेला असेल. पहिल्या दोन प्रकारांत सर्वांची जमीन धोक्यात आली. (मुदती पुढे अनेकदा वाढवून मिळाल्या म्हणून काहींची वाचली.) तिसर्‍या प्रकारात कोर्टकचेर्‍या सुरू झाल्या. थोरला म्हणे, पैसे मी भरले, फेरदेणगी माझ्या नावे झाली, सबब जमीन माझी. धाकटे म्हणत, वतन घराण्याचे होते. हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कर्नाटकातील कुंदगोळच्या देसाई घराण्याच्या दाव्यात १९८२ साली न्यायालयाने सांगितले, की वतन रद्द झाले म्हणून जमिनीचे सामाईक स्वरूप नष्ट होत नाही. फेरदेणगी एकाच्या नावे झाली तरी तिचा लाभ सर्व कुटुंबाचा. १९८९ साली महाराष्ट्रातील एका पाटील वतनाच्या खटल्यातही तेच तत्त्व कायम राहिले. १९५० च्या दशकात जे धाकटे भाऊ हरले त्यांची नातवंडे तेव्हा कुठे जिंकली.

कनिष्ठ ग्रामवतनाच्या जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने. आजही सातबार्‍यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असते, विकायची तर परवानगी आणि नजराणा लागतो. आपल्या अनेक कुटुंबांच्या उतार्‍यांवर हे शब्द आहेत आणि पुष्कळांना त्यांचा अर्थ ग्राहक दारात उभा राहीपर्यंत कळत नाही. उतार्‍यावर आणखी काही पाहावयाचे असेल तर 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर. प्रतिनिधी वतनदाराचा हा नातू. नाव एकाचे, वाटे अनेकांचे. जमीन महसूल हा जमिनीवरचा पहिला बोजा आहे. नाव असलेल्याने तो थकविला तर सरकार ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्याकडे वळू शकते. जथा कायद्याने मोडला, पण त्याची सावली अजून आहे.

न्यासाचेही जवळजवळ असेच आहे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू अविभक्त कुटुंबाचा कायदा लागू नाही. १९२५ च्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी समान वाटेकरी होतात. म्हणून मालमत्ता तुकड्यांत जाऊ नये अशी इच्छा असलेले आजोबा कधीकधी न्यासाचा मार्ग धरतात. प्राप्तिकराच्या दृष्टीने विश्वस्त हा लाभार्थींचा प्रतिनिधी. लाभार्थींचे वाटे न्यासपत्रात ठरलेले असतील तर ज्याचा जेवढा वाटा तेवढ्यावर त्याच्या दराने कर. वाटे ठरलेले नसतील, सारे विश्वस्ताच्या मर्जीवर असेल, तर सर्वसाधारणपणे कमाल दराने. खाते विश्वस्ताकडून कर घेऊ शकते, किंवा थेट लाभार्थीकडून. विश्वस्ताने भरला तर तो लाभार्थींच्या वाट्यातून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. आणि पैसा हाती आला नाही हे उत्तर नेहमीच पुरे पडत नाही. ठरलेल्या वाट्याचे उत्पन्न ज्या वर्षी तुमच्या हक्काचे झाले त्या वर्षी ते तुमचे. काकांनी ते खाल्ले हा तुमचा आणि काकांचा प्रश्न. त्यासाठी १८८२ चा न्यास कायदा आहे. हिशेब पाहण्याचा, कागद मागण्याचा, विश्वासभंगाची भरपाई घेण्याचा आणि विश्वस्त बदलून मागण्याचा हक्क तो लाभार्थीला देतो. पण तो हक्क दुसर्‍या कचेरीत आहे. लूकच्या शुभवर्तमानातील धन्याने कारभार्‍याला बोलावून आधी हिशेब मागितला. आपल्याकडे आधी नोटीस येते, मग हिशेबाची आठवण होते.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. मला तेव्हा ते इतके स्पष्ट नव्हते. ते सी. ए. कडे गेले. न्यासपत्राची नोंदलेली प्रत निबंधकाच्या कचेरीतून काढली, तेव्हा आठही नातवंडांचे वाटे त्यात समान लिहिलेले आढळले. ती प्रत घरात इतकी वर्षे कुणी मागितलीच नव्हती. दुकानदारांपैकी एकाने भाड्याच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. त्यांवरून उत्पन्नाचा आकडा निघाला. आठांपैकी पाच जणांनी आपापल्या वाट्याचा कर व्याजासह भरला. दोघी बहिणी परदेशी आहेत, त्यांचा पत्रव्यवहार सुरू आहे. एका भावाने अजून काही केलेले नाही.

काका रविवारी नेहमीच्या बाकावर बसतात. पुतणे दुसर्‍या बाजूला बसतात. हिशेबाचा दावा दाखल झाला आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे.